हात स्थिर असताना

संगणकाला माणूस दिसत नाही. कळ दाबली, माउस सरकला, एवढंच त्याला कळतं. आणि शेवटच्या हालचालीला किती सेकंद झाले याची मोजणी तो चालू ठेवतो. मोजणी ठरलेल्या आकड्याला पोचली की समोर कुणी नाही असं तो धरून चालतो. स्क्रीन काळी होते, आणि परत आलं की पासवर्ड मागितला जातो. लिनक्स डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये या सगळ्याला मोजक्याच ओळींची जागा असते, आणि बहुतेक जण ती एकदा बघून पुढे जातात. मला त्या ओळींपाशी वारंवार परत यावं लागलं, कारण माझं कामच पुष्कळदा हात न हलवता करण्याचं आहे.

मी मुद्रितशोधन करते. डावीकडे लेखकाचं हस्तलिखित, समोर स्क्रीनवर जुळणी केलेली पानं. एका हाताचं बोट कागदावरच्या ओळीवर, दुसऱ्या हातात पेन्सिल, नजर कागदावरून स्क्रीनवर आणि परत कागदावर. ऱ्हस्वदीर्घ पटकन दिसतात, त्यांचं काही नाही. खरा वेळ जातो तो एखाद्या वाक्यापाशी. लेखकानं क्रियापद मुद्दाम आधी घेतलंय, की जुळणीत शब्द वरखाली झालेत? हा स्वल्पविराम त्यांच्या श्वासाचा आहे, की टाइप करणाऱ्याच्या सवयीचा? अशा वाक्यापाशी मी थांबते, मागचा परिच्छेद पुन्हा वाचते, मूळ पान उजेडात धरते. दिवसभरातलं सर्वांत कसाचं काम त्या मिनिटांत होतं, आणि नेमकं तेव्हाच संगणकाच्या लेखी मी उठून गेलेली असते.

आईचे हात तर कधी थांबतच नाहीत. ती क्रोशाचं विणकाम करते. नमुना स्क्रीनवर मोठा करून ठेवायचा आणि समोर बसून विणायचं. तीन साखळ्या, दोन खांब, मग खालच्या ओळीतल्या कमानीत पाच खांब. डाव्या तर्जनीवरून दोरा ताणलेला, उजव्या हातात सुई, ओठांवर मोजणी. मोजणी चुकली तर अख्खी ओळ उसवावी लागते. अशा वेळी स्क्रीन काळी झाली की तिला दोरा सोडून, विणकाम मांडीवर ठेवून, चष्मा सावरून पासवर्ड टाइप करावा लागे. "अगं, मी इथंच बसलेय की! दिसत नाही का त्याला?" असं ती विचारायची. तिचा हा प्रश्न मला कधीच भाबडा वाटला नाही. तो थेट मुळाला हात घालणारा आहे. दिसत नाहीच त्याला.

त्याच संगणकावर आई एखादा जुना मराठी चित्रपट लावते तेव्हा मात्र स्क्रीन शेवटपर्यंत जागी राहते. तिनं त्यासाठी काहीही केलेलं नसतं. व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम डी-बस या निरोपाच्या वाटेनं डेस्कटॉपला कळवतो, की मी चालू आहे तोवर स्क्रीन झोपवू नका. या विनंतीला 'इनहिबिट' म्हणतात. म्हणजे हात न हलवताही माणूस समोर असू शकतो, हे या व्यवस्थेला पक्कं ठाऊक आहे. पण ही मोकळीक तिनं प्रेक्षकाला दिली, वाचकाला नाही. पीडीएफ वाचायचे प्रोग्राम पूर्ण स्क्रीनभर सादरीकरण चालू असताना अशी विनंती करतात. साध्या खिडकीत कुणी वाचत बसलं असेल तर करत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. चित्रपट आपोआप पुढे सरकत असतो. पान मात्र वाचणारा समोर असताना जसं दिसतं तसंच तो निघून गेल्यावरही दिसतं. तरीही मला हे मनापासून खटकतं. एकाच पानावर रेंगाळणारा वाचक हा चांगला वाचक असतो, आणि यंत्राच्या लेखी तोच सर्वांत आधी गैरहजर ठरतो.

आमच्याकडे लिनक्स मिंट आहे, त्यावर सिनॅमन डेस्कटॉप. सिनॅमनच्या पॅनेलवर एक छोटं ॲपलेट बसवता येतं. त्यातलं बटण चालू केलं की डेस्कटॉप स्क्रीन झोपवण्याचा विचार सोडून देतो. मुद्रितं उघडली की आधी मी ते बटण चालू करते, आणि जागेवरून उठताना कंट्रोल-ऑल्ट-एल दाबून स्क्रीन स्वतः लॉक करते. मी आहे आणि मी चालले, या दोन्ही गोष्टी मी सांगते. यंत्रानं त्या ताडायच्या नाहीत. वाचणाऱ्या माणसासाठी मला हीच रीत योग्य वाटते.

सेटिंग करताना गोंधळ होतो, कारण चार वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात. स्क्रीन काळी केव्हा व्हावी, ती लॉक केव्हा व्हावी, संगणक झोपावा केव्हा, आणि जागा कशानं व्हावा. मिंटमध्ये यातले पहिले तीन स्क्रीनसेव्हर आणि पॉवर मॅनेजमेंट अशा दोन खिडक्यांत विखुरलेले सापडतात, चौथा तर दोन्हीकडे मिळत नाही. शिवाय लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काय व्हावं याचा मूळ नियम आणखी खाली, सिस्टिमडीच्या लॉगिनडी या भागाकडे असतो. त्याचा नेहमीचा नियम झोपवण्याचा आहे. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर मात्र तो झाकणाकडे दुर्लक्ष करतो.

स्क्रीन काळी होण्याची गोष्ट जुनी आहे. काचेच्या नळीचे मॉनिटर होते तेव्हा एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर आतल्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडे. ते टाळायला हलती चित्रं आली. १९९३ मध्ये व्हेसा या संस्थेनं संगणकानं मॉनिटरला झोपायला कसं सांगायचं याचा संकेत ठरवून दिला. एक्स या लिनक्सच्या जुन्या चित्रव्यवस्थेत काहीच बदललं नाही तर स्क्रीन काळी होण्याची मुदत १० मिनिटांची असते. आजच्या एलसीडी मॉनिटरला तो डागाचा धाक उरलेला नाही, वीज वाचते तेवढं खरं. म्हणून काळं होण्याची मुदत वाढवायला मी कचरत नाही.

लॉकची बाब वेगळी, आणि इथं आईचं आणि माझं एकमत नव्हतं. "घरात कोण चोर बसलाय?" हे तिचं म्हणणं. घरात चोर नाही, पण घरात दुसऱ्यांची हस्तलिखितं आहेत. कुणाचं पहिलं पुस्तक असतं, कुणाचं आत्मचरित्र, ज्यातली माणसं अजून हयात आहेत. छापून येईपर्यंत तो मजकूर लेखकाचा आणि प्रकाशकाचा असतो; माझ्याकडे तो विश्वासानं आलेला असतो. आमच्याकडे गॅसवाला येतो, शेजारची मुलं खेळायला येतात, पाहुणे येतात. त्यांच्यावर माझा संशय नाही. पण दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असेल तर ती आपल्या वस्तूपेक्षा जास्त जपावी, हे मी याच आईकडून शिकले आहे.

आणि लॉक दिसतो तेवढा भक्कम असतो का, हे तपासावंसं वाटलं. त्यातून जे कळलं त्यानं मी थक्क झाले. एक्सची अकरावी आवृत्ती १९८७ची. स्क्रीन लॉक अशी काही कल्पनाच तिच्या मूळ रचनेत नाही. लॉक हा तिथं इतर प्रोग्रामांसारखाच एक प्रोग्राम. तो सगळ्यांच्या वर स्क्रीनभर खिडकी पसरतो आणि कीबोर्ड-माउस स्वतःच्या ताब्यात घेतो, बस्स. दाराला कुलूप घालण्याऐवजी दारात एक धिप्पाड माणूस उभा करावा, तसं. तो उभा आहे तोवर कुणी आत जाणार नाही. पण त्याला भोवळ आली की दार उघडंच. एखादा मेन्यू उघडा राहिला असेल तर कीबोर्ड-माउस आधीच त्या मेन्यूच्या ताब्यात असतात, आणि मग लॉकला ते मिळतच नाहीत. वेळ होऊनही स्क्रीन लॉक होत नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. आई उजवं बटण दाबून आलेला मेन्यू तसाच ठेवून आत गेली होती.

जेमी झविन्स्की यांनी १९९२ मध्ये एक्सस्क्रीनसेव्हर हा स्क्रीन लॉक करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला आणि पुढे तीस वर्षांहून जास्त काळ तो सांभाळला. त्यांचा आग्रह एकच : लॉक करणारा प्रोग्राम जितका लहान असेल तितका बरा. सुंदर बटणं, रंगसंगती, चित्रं यांसाठी मोठमोठ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, त्यात घेतल्या, की त्यांतली कुठलीही एक कोसळली तरी लॉक कोसळतो आणि स्क्रीन उघडी पडते. ही भीती कागदावरची नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये लक्षात आलं, की एक्सच्या त्या वेळच्या नव्या आवृत्तीत कंट्रोल, ऑल्ट आणि आकड्यांच्या भागातलं गुणाकाराचं चिन्ह एकत्र दाबलं की कित्येक लॉक सरळ दूर होतात. दोष शोधण्यासाठी ठेवलेली सोय चालूच राहून गेली होती.

मला जास्त लागून राहिली ती २०२१ची घटना. एका वापरकर्त्याच्या मुलांना बाबांचा संगणक 'हॅक' करायचा होता. मिंटची लॉक झालेली स्क्रीन. मुलांनी खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवर उमटणारा कीबोर्ड, दोन्हींवर मिळेल ती कळ दाबत सुटायचं ठरवलं. लॉक कोसळला आणि डेस्कटॉप उघडला. कळ सापडली ती अशी : डोक्यावर आडवी रेघ असलेलं रोमन ई हे अक्षर. आदल्या वर्षाअखेर एक्समधली एक सुरक्षेची त्रुटी दुरुस्त झाली होती, आणि स्क्रीनवरच्या कीबोर्डच्या लायब्ररीला ती दुरुस्ती मानवली नव्हती. ते एक अक्षर दाबलं की लायब्ररी कोसळे, आणि ती लॉकच्या पोटात असल्यानं लॉकही जाई. दुरुस्ती लगेच आली. पुढे मिंटनं एक दुसरी छोटी प्रक्रियाही जोडली, जी मुख्य लॉक पडला तरी मागून स्क्रीन झाकून ठेवते. स्क्रीनवरचा कीबोर्ड तिथं हवा की नको, असा प्रश्न कुणी विचारेल. हवाच. ज्याला खरा कीबोर्ड वापरता येत नाही त्यालाही पासवर्ड द्यायचा असतो. त्या लायब्ररीचा राग न येता मला त्या मुलांचं कौतुक वाटतं. कुठलंही ज्ञान नसताना, केवळ सगळं करून बघण्याच्या उत्साहात त्यांनी ती फट शोधली.

मूळ दोष रचनेतला होता, आणि उपायही रचनेतच करावा लागला. एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडमध्ये २०२२ पासून सत्र लॉक करण्याचा स्वतंत्र संकेत आहे. त्यात लॉकची जबाबदारी चित्र उमटवणाऱ्या मुख्य प्रोग्रामकडे असते. पासवर्ड विचारणारा भाग कोसळला तरी स्क्रीन बंदच राहते. घर उघडं पडण्यापेक्षा मालक बाहेर राहिलेला बरा, असा तो निर्णय आहे. दुसऱ्यांची हस्तलिखितं सांभाळणाऱ्या बाईला तो पूर्ण पटतो.

झोप आणि जाग यांच्यातही एक नाजूक क्षण आहे. काही डेस्कटॉपांवर झोपलेला संगणक जागा होताना आधी जुनं पान क्षणभर झळकतं आणि मग लॉक येतो. झोपण्याआधी लॉगिनडी सगळ्यांना पूर्वसूचना देतो. ज्यांनी 'थोडं थांबा' अशी नोंद केली असेल त्यांच्यासाठी तो थांबतोही, नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच सेकंदांपर्यंत. लॉकनं त्या वेळात स्क्रीन झाकून घ्यायची असते. ते राहिलं तर झाकण्याचं काम जाग आल्यावर होतं, आणि तेवढ्यात एखाद्याच्या आत्मचरित्रातली एक ओळ खोलीतल्या कुणालाही वाचता येते. ओळ वाचायला फार वेळ लागत नाही. माझ्या धंद्यात हे चांगलं कळतं.

जागं होण्याबद्दलची आमच्या घरातली तक्रार साधी होती. रात्री झोपवलेला संगणक टेबलाला धक्का लागला तरी उठायचा. कुणी पाण्याचा तांब्या ठेवला की पंख्याची घरघर सुरू. लिनक्सच्या कर्नलचा नियम तसा शहाणपणाचा आहे : यूएसबी कीबोर्डला संगणक जागा करायची परवानगी असते, साध्या माउसला नसते. पण आमचा माउस बिनतारी. त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर संगणकाला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणूनही करून देतो, आणि त्या ओळखीवर माउसलाही उठवण्याचा हक्क मिळतो. संगणकाला उठवू शकणाऱ्या प्रत्येक यूएसबी उपकरणामागे 'वेकअप' नावाची एक फाइल असते, तिच्यात एकच शब्द : चालू किंवा बंद. रिसीव्हरच्या फाइलमधला शब्द मी बदलला आणि संगणक सुरू होताना तो दर वेळी तसाच लिहिला जावा म्हणून उपकरणांची व्यवस्था बघणाऱ्या यूडेव्हचा एक नियम लिहून ठेवला. आता टेबलाला धक्का लागून तो उठत नाही. लिनक्सची ही गोष्ट मला फार आवडते. उपकरणाची परवानगी एका उघड्या फाइलमध्ये, वाचता येईल अशा शब्दात ठेवलेली असते.

पासवर्डपाशी मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. दिवसभर कीबोर्ड मराठी मांडणीत असतो. स्क्रीन लॉक झाली तेव्हा मांडणी मराठी राहिली असेल तर बोटं सवयीनं बरोबर कळा दाबतात आणि आत भलतीच अक्षरं जातात. दिसतात फक्त ठिपके, आणि ठिपके सगळ्या लिप्यांचे सारखेच. चूक ठरलेल्या पासवर्डनंतर पुन्हा विचारण्याआधी यंत्रणा मुद्दाम थोडा वेळ घेते, भराभर अंदाज मारणाऱ्याला आवर घालायला. आईला हा थांबा आपल्यावरचा अविश्वास वाटे. सिनॅमनच्या लॉकवर पासवर्डच्या चौकटीशेजारी मांडणीची खूण असते; ती बघायची सवय लागली की प्रश्न सुटतो. नव्यानं मराठी टाइप करायला लागलेल्या प्रत्येकाला मी ही खूण आधी दाखवते.

घरातला वाद अखेर लिनक्सच्या एका जुन्या गुणानं मिटला. एका संगणकावर अनेक माणसं असणार हे युनिक्सच्या घराण्यात पहिल्यापासून गृहीत आहे. आईला वेगळं खातं उघडून दिलं. लॉक आणि काळं होण्याची सेटिंग खात्यागणिक वेगळी राहते, एकीनं बदलली तरी दुसरीची बदलत नाही. आईच्या खात्यात लॉक बंद, स्क्रीन तासभर जागी. तिथं विणकामाचे नमुने आहेत, नातवंडांचे फोटो आहेत, आणि ते कुणी पाहिले तर तिला आनंदच होतो. माझ्या खात्यात स्क्रीन काळी झाल्यावर अर्धं मिनिट मोकळं ठेवलंय. तेवढ्यात माउस हलवला तर पासवर्ड लागत नाही, त्यानंतर लागतो. त्या अर्ध्या मिनिटाचं मला फार अप्रूप आहे. वाक्यात गढलेल्या माणसाला, 'अहो, मी आहे' म्हणायला तेवढा वेळ हवाच.

रात्री मात्र संगणक झोपवत नाही, पूर्ण बंद करते. आमची डिस्क कूटबद्ध आहे, पण झोपलेल्या संगणकाच्या मेमरीत तिची किल्ली तशीच असते. त्या वेळी सगळी भिस्त त्या लॉकवरच. बंद केल्यावर किल्लीही जाते. डिस्क उघडण्यासाठी एकाहून अधिक पासवर्ड ठेवता येतात, म्हणून सकाळी आई स्वतःचा टाकून संगणक सुरू करते.

मध्यंतरी एका वयस्क लेखकांचा फोन आला. आत्मचरित्राची अर्धी प्रकरणं माझ्याकडे आली होती, उरलेली पाठवायला ते कचरत होते. "मॅडम, माझं लिखाण तुमच्या घरात नेमकं असतं कुठं? कोण कोण बघतं?" मी सगळं सांगितलं. वेगळं खातं, लॉक, रात्री बंद करणं, कूटबद्ध डिस्क. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही वाचत बसलेल्या असता तेव्हा?"

"तेव्हा उघडं असतं. मी उठेपर्यंत ते बंद होऊ नये अशी सोय केलेली आहे."

"मग हरकत नाही," ते म्हणाले. "वाचायलाच दिलंय." त्याच आठवड्यात उरलेली प्रकरणं आली.